बाबांच्या सीडींचा खोका आणि एका सीएचा हिशोब



३० एप्रिल उलटली, क्लायंटची रिटर्न्स गेली, आता जरा मोठी पोस्ट लिहिते. पटलं नाही तर कमेंटमध्ये खुशाल भांडा.

डिसेंबरात पुण्याचं घर आवरताना बाबांच्या सीडींचा खोका सापडला. गीतरामायण, कुमारजी, किशोरीताई, पु.लं.चं कथाकथन. प्रत्येक कव्हरवर त्यांच्या अक्षरात खरेदीची तारीख. भाऊ म्हणाला, "अगं, सगळं यूट्यूबवर आहे, कशाला ओझं नेतेस?" मी आणल्याच. मिसिसागाला पोचल्यावर लक्षात आलं, लावायच्या कशावर? लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, गाडीत स्लॉट नाही.

माझं स्पष्ट मत: तुमच्याकडे असा खोका असेल तर घरात एक बरा सीडी प्लेअर हवाच. आपल्या आठवणींसाठी कमी, मुलांसाठी जास्त.

आमच्या भाषेत सांगायचं तर स्ट्रीमिंग हे भाडं आहे आणि सीडी ही मालमत्ता. भाडं थांबलं की गाणं थांबतं. हक्कांचे करार बदलले की अख्खा अल्बमही नाहीसा होतो. पण खरा मुद्दा पैशांचा नाही. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला फोनवर गाणं लावून दिलं की तिसऱ्या गाण्याला ऑटोप्ले तिला भलतीकडेच घेऊन जातो. सीडी लावली की ती एका जागी बसून क्रमाने ऐकते. गीतरामायणाची ५६ गाणी १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर आठवड्याला एक अशी लागली. ती गोष्ट आहे, क्रमानेच ऐकायची. 'शफल' करून रामायण कसं कळणार?

आता खरेदीचं बोलू. मी आधी स्वस्तातला ऑल-इन-वन डबा घेऊन फसले. पु.लं. पत्र्याच्या पिंपातून बोलल्यासारखे वाटत होते. परत केला. त्यातून शिकले ते असं:

१. आपल्याकडच्या बऱ्याच सीडी एमपीथ्री असतात, शंभर-शंभर गाण्यांच्या. प्लेअर एमपीथ्री वाचतो का, ते आधी बघा. नाटक-सिनेमाच्या व्हीसीडी त्यावर चालणार नाहीत. डीव्हीडीला रीजन कोडची भानगड असते, ऑडिओ सीडीला नसते.

२. भारतातून प्लेअर आणू नका. तिथे २३० व्होल्ट, इथे १२०.

३. सगळे पैसे प्लेअरवर घालू नका. मध्यम किमतीच्या चांगल्या प्लेअरांमध्ये कानाला फरक थोडाच जाणवतो, स्पीकरमध्ये मात्र खूप. यामाहा, मरांट्झ, एनएडी यांची साधी मॉडेल्स घराला पुरतात. एनएडीची मालक कंपनी लेनब्रुक तर आपल्या पिकरिंगचीच.

४. ऑप्टिकल किंवा कोअॅक्सियल आउटपुट असू द्या. पुढे वेगळा डॅक किंवा नवा अॅम्प्लिफायर जोडता येतो.

५. वापरलेला घेत असाल तर सर्वात लांब सीडी बरोबर न्या आणि तिचं शेवटचं गाणं लावा. सीडी आतून बाहेर वाचली जाते. लेझर किंवा यंत्रणा थकली असेल तर बऱ्याचदा तिथेच अडखळते. ट्रे चार वेळा उघडून बंद करा. जुन्या मॉडेलचं लेझर मिळणं कठीण, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च मनात धरूनच भाव करा. मी १२० डॉलरला घेतला, रोख.

"त्यापेक्षा कॉपी करून हार्ड ड्राइव्हवर ठेव ना," असं नवरा म्हणतो. तेही केलंय, फ्लॅकमध्ये. घरी बर्न केलेल्या सीडी तर आधी कॉपी कराच, त्या लवकर खराब होतात. पण बॅकअप म्हणजे विमा. विमा घेतला म्हणून कोणी घर विकत नाही. हार्ड ड्राइव्हमधली फाइल मूल आपणहून उघडत नाही. शेल्फवरची सीडी काढतं, पुस्तिका चाळतं, विचारतं, "आई, ही तारीख आजोबांनी लिहिली? तेव्हा मी होते?"

नव्हतीस गं. पण त्या निमित्ताने आजोबांचा विषय निघाला, अर्धा तास, मराठीत. इथे वाढणाऱ्या मुलांच्या घरी असा अर्धा तास कितीला पडतो, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

या उन्हाळ्यात भारतात जाणार असाल तर माळा एकदा बघून या. खोका भंगारात जायच्या आधी. प्लॅस्टिकचे डबे तिथेच सोडा, सीडी आणि पुस्तिका हँडबॅगेत घाला. आणि इथे आल्यावर दमट बेसमेंटमध्ये ठेवू नका, बैठकीच्या खोलीत मुलांच्या हाताशी ठेवा.

तुमच्या खोक्यात काय सापडलं, ते सांगा.