वाद बंद करू नका, साडी घेऊन या

आमच्या कोसा रेशमाच्या चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपात येत्या रविवारी मतदान आहे. ठराव एका ओळीचा: यापुढे साड्यांचे फोटो टाकावेत, कौतुक करावं, अस्सल-नकलीची चर्चा करू नये. मी विरोधात मत देणार आहे. तुम्हीही द्यावं, म्हणून हा खटाटोप.

ग्रुप फोनवर असला तरी त्याचा जन्म रायपूरच्या पंडरीतला. बसस्टँड पंडरीत होता तेव्हा गाडीला तासभर अवकाश असला की बायका कपडा बाजारात शिरायच्या. 2021 मध्ये स्टँड भाटागावला गेला, बाजार मात्र जागचा हलला नाही. तिथल्याच छत्तीसगढ हाटमध्ये प्रदर्शन लागलं की चांप्याचे देवांगन विणकर कोसा मांडून बसतात. त्यांच्यासमोर साडीची घडी मोडता मोडता आमच्या ओळखी झाल्या. कुणी तात्यापाऱ्यातल्या, कुणी चौबे कॉलनीतल्या, दोघी भिलाईहून येणाऱ्या. आणि भांडायचो आम्ही पहिल्या दिवसापासून! माहेर भंडाऱ्याचं असलेल्या वहिनींना करवतकाठीपुढे चांप्याचा कोसा म्हणजे काहीच नाही असं वाटायचं. तीन धोट्यांनी विणून काठाला करवतीचे दात आणणं किती किचकट, हे त्यांनी आम्हाला ऐकवलं ते आमची जिरवायला. पण आम्ही शिकलो तेव्हाच.

बस्तरचा ‘रैली’ कोसा सालाच्या जंगलात आपसूक होतो आणि ‘डाबा’ अर्जुन-साजाच्या झाडांवर पाळला जातो, हेही असंच भांडणातून कळलं. सगळ्यात मोठा वाद झाला तो मांडीवर काढलेल्या सुताचा. एका काकांचं म्हणणं, बाईनं मांडीवर वळून काढलेला धागाच खरा कोसा. यंत्राच्या धाग्याला तो जिवंतपणा नाही. त्यावर एका ताईनं विचारलं, “काका, त्या बाईची मांडी बघितलीय का?” कातडी सोलवटते, मजुरी तुटपुंजी. केंद्रीय रेशीम मंडळानं ‘बुनियाद’ नावाचं धागा काढण्याचं यंत्र आणलं ते याच त्रासातून बायकांना सोडवायला. काकांनी मत बदललं नाही. दोघंही आपापल्या जागी पक्के राहिले, आणि पुढच्या प्रदर्शनात दोघांनी मिळून एका विणकराला धाग्याबद्दल अर्धा तास हैराण केलं. माझ्या लेखी ग्रुपाची खरी कमाई ही.

मग गेल्या महिन्यातलं प्रकरण झालं. तात्यापाऱ्यातल्या काकूंनी नव्या साडीचा फोटो टाकला. पाच मिनिटांत निकाल लागला: “चक्क पॉलिएस्टर.” दुसऱ्यानं लिहिलं, “काकू, चष्मा बदला.” मी तीन हसरे चेहरे टाकले. हो, मीच. दुपारपर्यंत विणकर चोर ठरला, संध्याकाळी काकू ग्रुपातून गेल्या. त्यानंतर आठवडाभर सगळे इतके गोड बोलत होते की नकोसं झालं. त्या गोडव्यातूनच हा ठराव आला.

ठराव मांडणाऱ्यांचा हेतू मी जाणते. कुणाचा अपमान होऊ नये, एवढंच त्यांना हवंय. पण अपमान झाला म्हणून मतभेदच हद्दपार करायचा, म्हणजे पदर फाटला म्हणून साडीच टाकून देण्यासारखं आहे. चूक दाखवणारं कुणी उरलं नाही की कोशाच्या भावात पॉलिएस्टर खपवणाऱ्याचं फावतं आणि खरा माग चालवणाऱ्याचं पोट मारलं जातं. शिवाय न बोललेली मतं कुठे जात नाहीत. ती खासगी फोनवर जातात, तिथे आंबतात.

रायपूरच्या मराठी माणसाला हा मुद्दा नवा वाटायचं कारण नाही. जानेवारी 1900 मध्ये माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोळकर यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. त्याचे मालक होते इथलेच वामनराव लाखे. आपल्या लाखेनगराला नाव आहे ते त्यांचं. पैशाअभावी मासिक तीनच वर्षं चाललं, पण हिंदीत त्याची आठवण निघते ती त्यातल्या पुस्तक-परीक्षणांसाठी. घरी मराठी बोलणारी माणसं दुसऱ्या भाषेतल्या लेखकांची पुस्तकं परखडपणे तपासत होती! ‘आपण परके, कशाला कुणाला दुखवा’ असा ठराव त्यांनी केला असता, तर कौतुकाचं आणखी एक मासिक निघालं असतं आणि विसरलं गेलं असतं. परीक्षण करायचं तर आधी पुस्तक वाचावं लागतं. आम्ही काकूंची साडी पाहिली ती बोटभर पडद्यावर, तीही ट्यूबलाइटच्या उजेडात.

मी परवा काकूंकडे गेले. माफी मागितली. त्यांनी चहा ठेवला आणि साडी माझ्या मांडीवर टाकली. म्हणाल्या, “नकली म्हणालात म्हणून नाही गं गेले. हात लावून बघावं असं एकालाही वाटलं नाही.”

तेव्हा माझी विनंती ठरावापेक्षा मोठी नाही, पण थोडी कष्टाची आहे. साडीबद्दल शंका आली तर आधी विचारा: कुठून घेतली, केवढ्याला, विकणारा काय म्हणाला. मग धाग्यात तुम्हाला काय दिसतंय ते सांगा. घेणाऱ्याच्या अकलेबद्दल किंवा वयाबद्दल नको. विणकराला चोर म्हणायचं असेल तर त्याच्यासमोर उभं राहून म्हणण्याची तयारी हवी. आणि चुकलात तर चूक जिथे केलीत तिथेच, सगळ्यांदेखत कबूल करा. ग्रुप चालवणाऱ्यांनी वाद पुसून टाकण्याऐवजी वाद तापला की एवढंच लिहावं: “हाटमध्ये भेटू.”

यातही सगळं सुटत नाही, हे आधीच सांगते. पदराची दशी जाळली की रेशीम आणि प्लास्टिक यांतला फरक कळतो: रेशमाला केस जळल्याचा वास येतो, राख बोटांत चुरगळते, पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. पण ताण्याचा धागा इथला की बाहेरून आलेला, हे काडी सांगत नाही. बाहेरचा धागा वापरला तर त्याला चांप्याचा कोसा म्हणावं का, यावर आपलं एकमत व्हायचं नाही. नकोच व्हायला. विणकराची अडचण एक सांगेल, नावाची अब्रू दुसरी सांगेल; मला दोन्ही ऐकायचं आहे.

रविवारी मतदान संध्याकाळी आहे. सकाळी अकराला छत्तीसगढ हाटच्या फाटकाशी या. ज्या साडीवरून कधी बोलणं खाल्लंत ती घेऊन या, आणि ज्यांनी सुनावलं त्यांनाही बोलवा. भंडाऱ्याच्या वहिनी करवतकाठी आणणार आहेत, म्हणजे भांडण नक्की. काकू येतो म्हणाल्या आहेत, साडीसकट. काडेपेटी मी आणतेय.