प्लेटा कोण उतरवणार?

संध्याकाळचे सव्वासात. सिंहगड रस्त्यावरची एक जिम. लेग प्रेसवर वीस-वीस किलोच्या आठ प्लेटा तशाच चढवलेल्या, सीटवर घामाचा ओला डाग, हँडलला टॉवेल अडकवलेला, आणि त्या टॉवेलाचा मालक आरशासमोर रील काढण्यात गर्क. यंत्राशेजारी साठीच्या एक बाई ताटकळत उभ्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मांडीचे स्नायू बळकट करा असं डॉक्टरांनी बजावलेलं. एकशेसाठ किलो उतरवणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. दहा मिनिटं थांबून त्या निघून गेल्या. हे ध्यानात येऊन मी प्लेटा काढायला लागलो, तसा तो पोरगा धावत आला. "काका, माझे दोन सेट राहिलेत!" मी त्याला बाईंबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "मग त्यांनी सांगायचं ना. मीपण पैसे भरलेत."

पैसे त्या बाईंनीही भरले होते. फी भरून यंत्र कुणाच्या नावावर होत नाही, आपली पाळी आली की ते वापरता येतं, एवढंच. एवढी साधी गोष्ट ज्याला कळत नाही, त्याच्या दंडाचा घेर कितीही वाढो, मला त्याचं काडीचं कौतुक नाही.

जिम आपल्याकडे नवी आहे, रीत रुळायला वेळ लागेल, ही सबब मला कुणी सांगू नये. ज्या शहरात शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीसारख्या तालमी आहेत, त्या शहराला चारचौघांत व्यायाम कसा करावा हे बाहेरून शिकायची गरज नाही. तालमीत नव्या पोराच्या हातात आधी खोरं येतं. हौदा उकरायचा, ढेकळं फोडायची, माती सारखी करायची. त्या मातीत तेल, ताक, लिंबू, हळद मुरवलेली असते, कारण तिच्यावर एकट्याचं अंग पडणार नसतं. सगळ्यांच्या मातीची काळजी घेणं हा तिथं व्यायामाचाच भाग आहे.

तालमीचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही. बायकांना तिथं दार बंद होतं, हे मी विसरलेलो नाही. पण गंज पेठेत लहुजी वस्ताद साळव्यांच्या हाताखाली जोतीराव फुले दांडपट्टा शिकले, हेही याच शहरात घडलं. मांग समाजातल्या वस्तादापुढे माळ्याचा मुलगा शिष्य म्हणून उभा राहिला. आखाड्यात मान शिस्तीला होता. आज जिमचं दार बायकांना उघडं आहे, आणि आपण आडमुठेपणानं त्यांना परत पाठवतो आहोत.

यात मागण्यासारखं अवघड काय आहे? जड सेटनंतर तीन मिनिटं विश्रांती लागते, कबूल. त्या तीन मिनिटांत दुसऱ्याचा सेट होतो. "मधे एक सेट मारू का?" असं कुणी विचारलं तर उठा. रॅकवर एकाच बाजूच्या सगळ्या प्लेटा काढल्या की बार उलटतो आणि शेजारच्याच्या पायावर येतो. म्हणून दोन्हीकडून आलटून-पालटून काढा. बेंच पुसा. नायटा घामेजल्या कातडीवरून, ओल्या टॉवेलावरून पसरतो, आणि औषधांना न जुमानणाऱ्या नायट्यानं गेली काही वर्षं देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ हैराण आहेत. तुमच्या घामाचा डाग हा दुसऱ्याच्या घरी जाणारा आजार असू शकतो. आणि रील काढताना मागे व्यायाम करणारी मुलगी दिसत असेल, तर कॅमेरा बंद करा. ती तुमच्या चित्रीकरणासाठी आलेली नाही.

माझा खरा राग मात्र त्या पोरावर नाही. प्लेटा चढवल्या जात होत्या तेव्हा ट्रेनर चार पावलांवर उभा होता. त्यानं सगळं पाहिलं आणि मान मोबाइलमध्ये घातली. वर्षाची फी भरलेलं गिऱ्हाईक दुखवायचं नाही, हे मालकानं त्याला शिकवलंय. भिंतीवर 'वजने जागेवर ठेवा' अशी पाटी लावली की मालकाचं कर्तव्य संपतं. वस्ताद पाटी लावत नाही. तो हाक मारतो, आणि अख्खी तालीम थांबते. जिममालकांनो, पहिल्यांदा तोंडी समज द्या, दुसऱ्यांदा आठवडाभर दार बंद करा, तिसऱ्यांदा उरलेले पैसे हातावर ठेवून बाहेर काढा. एक गिऱ्हाईक जाईल. आज जी मुकाट्यानं निघून जातात, त्यांची मोजदाद तुम्ही कधी केलीच नाही.

त्या बाई त्यानंतर महिनाभर दिसल्या नाहीत. लेग प्रेसवर त्यांना वीस किलोसुद्धा लावायचे नव्हते. त्यांना फक्त ते यंत्र रिकामं हवं होतं.