बक्षीसपत्रातील न लिहिलेली ओळ

तीन वर्षांमागे आमच्या आळीतील एक वयोवृद्ध गृहस्थ मला आपल्यासमवेत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत घेऊन गेले. स्वकष्टार्जित राहते घर ते चिरंजीवांच्या नावे बक्षीसपत्राने करून देणार होते व साक्षीदारांपैकी एक मी असावे अशी त्यांची इच्छा होती. आपल्या राज्यात पती, पत्नी, मुले वा नातवंडे यांस राहते घर बक्षीस द्यावयाचे तर मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये असते. स्थानिक अधिभार लागल्यास तो निराळा. त्यामुळे असे दस्त हल्ली पुष्कळ होतात. दाखविल्या जागी मी सही केली. दस्त वाचला नाही. न वाचता कशावरही सही करू नये, असे ज्याने जन्मभर मुलांस सांगितले त्यानेच हे करावे, याची लाज आज वाटते.

यंदा तेच गृहस्थ एका सायंकाळी येऊन ओसरीवर बराच वेळ निःशब्द बसले. त्यांचे घर देवीच्या मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. नवरात्रात आमच्या तुळजापुरास यात्रेकरूंची किती गर्दी होते व एकेका खोलीस काय मोल येते, हे वाचक जाणतातच. पुण्यास नोकरीस असलेल्या चिरंजीवांच्या मनात आले की सगळे घर यात्रेकरूंच्या उताऱ्यासाठी भाड्याने द्यावे व आईवडिलांनी वरच्या मजल्यावरील एका खोलीत राहावे. आईच्या गुडघ्यांस जिना चढवत नाही. वडिलांनी नकार दिला, तेव्हा उत्तर आले, “घर आता माझ्या नावावर आहे.” उत्तर कठोर होते, पण दस्तापुरते खोटे नव्हते.

तो दस्त मी आता वाचला. चतुःसीमा आहेत, नगर भूमापन क्रमांक आहे, प्रेमाचा व आपुलकीचा उल्लेखही आहे. मुलाने आईवडिलांस सांभाळावे, हे मात्र कोठेही नाही. लिहिणाऱ्यास ते सुचले नाही आणि देणाऱ्यास ते लिहविण्याचा संकोच वाटला असेल. पोटच्या मुलाला अट कसली घालावयाची?

या एका ओळीवर केवढे अवलंबून असते ते पाहावे. २००७ सालच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणविषयक कायद्याचे २३ वे कलम सांगते की, सांभाळ करण्याच्या अटीवर ज्येष्ठ नागरिकाने मालमत्ता दिली व घेणाऱ्याने ती अट मोडली, तर ते हस्तांतर कपटाने वा दडपणाने झाले असे मानून न्यायाधिकरणास रद्द ठरविता येते. परंतु ही अट असल्याचे दिसले पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये हरियाणातील एका मातेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले व अट नसल्याने तिच्या विरुद्ध निर्णय गेला. पुढे २ जानेवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका मातेस त्याच न्यायालयाने घर परत देवविले. वृद्धांच्या हितासाठी केलेला हा कायदा उदारपणे वाचावा, असे न्यायमूर्तींनी सांगितले. तथापि त्या प्रकरणी मुलाने सांभाळाचे वचन लिहून दिल्याचा कागद पुढे आला होता, हे विसरू नये. आमच्या शेजाऱ्यांपाशी तसा कागद नाही.

म्हणून ज्यांचा दस्त अद्याप व्हावयाचा आहे त्यांनी थांबावे. मृत्युपत्र केल्यास मालकी अखेरपर्यंत आपली राहते, ते पालटताही येते; दोन साक्षीदार हवेत, नोंदणी ऐच्छिक आहे. बक्षीसपत्रच करावयाचे असेल, तर देणारा व त्याची पत्नी या दोघांचा त्या घरातील आजन्म राहण्याचा हक्क, अन्न, औषधपाणी व शुश्रूषा यांची जबाबदारी आणि ती न पाळल्यास दस्त रद्द होईल ही अट स्पष्ट शब्दांत लिहवावी. वडिलोपार्जित मालमत्तेचा विचार निराळा. तेथे मिताक्षरेपासून चालत आलेला जन्मसिद्ध हक्क आड येतो; वकिलास विचारल्यावाचून पाऊल टाकू नये. ही मिताक्षरा लिहिणारे विज्ञानेश्वर आपल्यापासून फार दूर नसलेल्या कल्याणीचे. मुलास जन्मतः हक्क देणाऱ्या त्या परंपरेने वृद्ध मातापित्यांचे पोषण हेही त्याचे न टळणारे कर्तव्य मानले आहे. हक्क तेवढा पाठ राहिला!

घर परत मिळो न मिळो, निर्वाहाचा हक्क त्यावर अवलंबून नाही. स्वतःच्या उत्पन्नावर निर्वाह न होणाऱ्या आईवडिलांस पाचव्या कलमाखाली मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडे यांविरुद्ध अर्ज करता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे चालतो. तुळजापूरकरांस त्यासाठी धाराशिवास जावे लागते. वकील लावण्याची आवश्यकता नाही. नोटीस बजावल्यापासून सामान्यतः ९० दिवसांत निकाल व्हावा असे कायदा म्हणतो आणि प्रकरण प्रथम सलोख्यासाठीही पाठविता येते. महिन्यास १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देवविता येतो. वृद्धास टाकून देणे हा तर चोविसाव्या कलमाप्रमाणे गुन्हाच आहे.

हे दूरदेशीचे दुखणे नव्हे. शेजारच्या लातूर जिल्हा परिषदेस २०२० साली असा ठराव करावा लागला की, जे कर्मचारी आईवडिलांस सांभाळीत नाहीत त्यांच्या वेतनातून ३० टक्के कापून ती रक्कम त्या मातापित्यांच्या खात्यात भरावी. जिल्हा परिषदेच्या नोकरवर्गात शिक्षकांचा भरणा मोठा असतो. शिक्षक म्हणून आयुष्य घालविलेल्या मला ती बातमी वाचून मान खाली घालावीशी वाटली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हा कायदा नावडत्या सुनेस घराबाहेर काढण्याचे हत्यार नव्हे. तिच्या निवासाचा हक्क या कायद्याच्या आडून डावलता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे. आमच्या शेजाऱ्यांच्या प्रकरणी तर सासूला वरच्या मजल्यावर पाठवू नका, असे नवऱ्याशी भांडून सांगणारी त्या घरची सूनच आहे.

निर्वाहाचा अर्ज मी तयार करून ठेवला आहे. घर परत मागणारा मजकूर निराळ्या कागदावर आहे. अटीचा कागद नसता त्याचा निभाव कितपत लागेल, ते एका वकील मित्रास विचारले आहे. गेल्या आठवड्यात ते दोघेही येऊन गेले. बाईंनी अर्ज सावकाश वाचला व मुलाच्या नावापुढे “चि.” लिहिण्याचे राहिले आहे, असे म्हणाल्या. विरुद्ध पक्षकाराच्या नावापुढे ते लिहीत नाहीत, असे मी सांगितले. तेव्हा त्यांनी कागद यजमानांच्या हाती दिला. त्यांनी लेखणी उचलली, पुन्हा खाली ठेवली. दसऱ्यास मुलगा यावयाचा आहे, तोवर थांबू, असे म्हणाले. अर्ज माझ्या कपाटात आहे.