पटावर नसलेली बुसा

"आई, तू रोम घे. मी हॅनिबल."

रविवारची दुपार. भांडी आवरून जरा पाठ टेकावी म्हणत होते, तर चिरंजीवांचं हे फर्मान! जेवणाच्या टेबलावर माझी हिरवी चादर पसरलेली, तिच्यावरून माझ्याच जुन्या साडीचा निळा फॉल नदी होऊन वाहत होता, आणि दोन्हीकडे बोटाच्या पेराएवढे रंगवलेले शिपाई. नेहमीचा भिडू गावाला गेला होता, म्हणून माझी भरती.

आता, हा बायकांचा खेळ नाही असं कुणी म्हणायच्या आत सांगते. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांवर 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिलं. त्याच्या लांबलचक उपशीर्षकात त्यांनी हा खेळ बारा ते दीडशे वर्षांच्या मुलग्यांसाठी असल्याचं सांगितलंय आणि पुढे मुलांचे खेळ आवडणाऱ्या, जरा जास्त हुशार मुलींनाही त्यात जागा दिलीय. म्हटलं, चला, आपली गणती त्या हुशार मुलींत!

लढाई होती कॅनीची. इसवी सनपूर्व २१६, दक्षिण इटलीतल्या ऑफिडस नदीचा काठ. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराच्या हिशेबाने रोमकडे ऐंशी हजार पायदळ, तर कार्थेजच्या हॅनिबलकडे चाळीस हजार. घोडदळ मात्र हॅनिबलचं जास्त, दहा हजारांच्या घरात. त्याने मधली फळी पुढे फुगवून ठेवली आणि रोमनांचा रेटा आला तशी ती हळूहळू मागे येऊ दिली. रोमन आत आत घुसत गेले, दोन्ही बाजूंनी आफ्रिकी पायदळ वळलं, पाठीमागून घोडदळ आलं, आणि पिशवीचं तोंड बंद झालं. रोमचे किती मेले? पॉलिबियस सत्तर हजारांच्या आसपास सांगतो, लिव्ही अठ्ठेचाळीस हजार. तेही एका दिवसात.

अशी लढाई मी त्या दुपारी आणि पुढच्या दोन रविवारी मिळून तीनदा लढले. मैदान तेच, शिपाई तेच, पण दर वेळी नियमांचं पुस्तक वेगळं.

पहिलं 'डी बेलिस अँटिक्विटाटिबस', म्हणजे या मंडळींच्या भाषेत डीबीए. १९९० सालचं. यात दोन्हीकडे बारा-बारा तुकड्या. फासा टाकायचा, जितके आकडे पडतील तितक्या हालचाली, आणि ज्याच्या चार तुकड्या आधी गेल्या तो सहसा हरला. मी विचारलं, "अरे, माझं सैन्य दुप्पट होतं ना? मग बाराच का?" तो म्हणाला, "नियम आहे." आणि गंमत बघा, तासाभरात मी जिंकले! मला चांगले फासे पडत गेले, त्याला एक आणि दोन. हॅनिबलचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दुसरं 'कमांड्स अँड कलर्स : एन्शंट्स', २००६ सालचं. मूळ खेळ लाकडी ठोकळ्यांचा, यानं ठोकळ्यांच्या जागी शिपाई ठेवले. इथे हुकूम पत्त्यांतून निघतात. डावी बाजू, मध्य, उजवी बाजू. ज्या बाजूचा पत्ता हातात नाही, तिथले शिपाई नुसते बघत उभे. माझी घोडी मरत होती आणि माझ्या हातात सगळे मधल्या फळीचे पत्ते! तडाखेबंद हरले.

तिसरं पुस्तक तेव्हा लंडनच्या किंग्ज कॉलेजात युद्धशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या फिलिप सेबिन यांचं, 'लॉस्ट बॅटल्स', २००७ सालचं. त्यांनी प्राचीन काळच्या पस्तीस लढायांना एकच मोजमाप लावलंय. मुरलेले शिपाई असतील तर थोड्यांची एक तुकडी, नवखे असतील तर पुष्कळांची. त्यामुळे माझं दुप्पट सैन्य तितकं दुप्पट वाटेना. इथेही मी हरले, पण गुण मोजताना लेक म्हणाला, "आई, तू जिंकलीस." कारण यात विजय ठरतो तो इतिहासाशी ताडून. खऱ्या रोमनांपेक्षा माझा कमी धुव्वा उडाला होता. हरूनही जिंकण्याचा हा हिशेब मला फार आवडला. घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला आवडेल.

एकच लढाई, तीन पुस्तकं, तीन निकाल. एका पुस्तकाला वाटतं लढाई नशिबावर ठरते, दुसऱ्याला वाटतं हुकूम वेळेवर पोचण्यावर, तिसऱ्याला वाटतं माणसांच्या अनुभवावर. नियम लिहिणारा काय मोजायचं ते ठरवतो आणि निकाल निम्मा तिथेच लागतो.

मग मला चैन पडेना. लढाईनंतर काय झालं, हे वाचायला म्हणून लिव्हीच्या इतिहासाचं इंग्रजी भाषांतर काढलं, आणि तिथे मला बुसा भेटली.

कॅनीच्या जवळ कॅन्युसियम नावाचं गाव होतं. जीव वाचवून पळालेले रोमन तिथे पोचले. गावाने त्यांना तटाच्या आत घेतलं, डोक्यावर छप्पर दिलं. पण बुसा नावाच्या एका श्रीमंत बाईने त्यांना धान्य दिलं, कपडे दिले, वाटखर्चाला पैसे दिले. माणसं येतच राहिली, आकडा दहा हजारांवर गेला. आपल्याकडे लग्नाला पाचशे पानं उठवायची तर आठ दिवस आधीपासून जीव टांगणीला लागतो. दहा हजार! तेही हरलेले, जखमी, घाबरलेले. युद्ध संपल्यावर रोमच्या सिनेटने तिचा मान केला, म्हणून तरी तिचं नाव राहिलं.

त्या गावात आसरा घेतलेल्यांत तरुण सिपिओ होता. कॅनीतून वाचलेल्या सैनिकांना रोमने शिक्षा म्हणून सिसिलीत पाठवलं, आणि पुढे याच सिपिओने त्यांना आफ्रिकेत नेलं. इसवी सनपूर्व २०२ मध्ये झामा इथे हॅनिबल हरला, तेव्हा समोर त्यांच्यातलेही लोक उभे होते.

आणि रोममधल्या बायका? घरोघरी सुतक इतकं, की सेरेस देवीचा वार्षिक उत्सव करायला सुतक नसलेली बाई सापडेना. सिनेटने हुकूम काढला, शोक तीस दिवसांत आटपा. पुढच्याच वर्षी ऑपियन कायदा आला. बाईने अर्ध्या औंसापेक्षा, म्हणजे आपल्या सव्वा तोळ्याच्या आसपास, जास्त सोनं बाळगायचं नाही, रंगीबेरंगी वस्त्रं नेसायची नाहीत, शहरात गाडीत बसायचं नाही. युद्ध संपलं तरी कायदा राहिला. इसवी सनपूर्व १९५ मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा तो रद्द झाला.

हे सगळं मी लेकाला ऐकवलं आणि विचारलं, "तुझ्या तीन पुस्तकांत बुसा कुठाय?"

तो जरा चिडलाच. "आई, हा लढाईचा खेळ आहे, युद्धाचा नाही. सगळं घालायला गेलो तर खेळच होणार नाही."

त्याचं म्हणणं खोटं नाही. कुठल्याही नियमाला काहीतरी सोडावंच लागतं. पण दर वेळी तेच का सुटतं? पटावरून उचललेला शिपाई डब्यात जातो आणि खेळाच्या लेखी मरतो. खरा शिपाई कुणाच्या तरी दाराशी जातो. तिथे त्याला कुणी जेवू घातलं, यावर पुढची लढाई ठरते. ते मोजायचं नसेल तर नका मोजू, पण सोडलंय एवढं तरी माहीत असू द्या. नाहीतर न मोजलेलं हळूहळू घडलंच नाही असं वाटायला लागतं. घराच्या हिशेबातही तसंच होतं. सून म्हणून, आई म्हणून मी काय केलं, याचा रकाना कुठल्या वहीत असतो?

परवा रविवारी त्यानं पुन्हा पट मांडला. या वेळी नदीपलीकडच्या कोपऱ्यात एक वाटी होती, तांदळाने भरलेली.

"हे काय रे?"

"कॅन्युसियम. तुझ्या मेलेल्या तुकड्या डब्यात टाकू नकोस, तिथे ठेव. डाव संपला की प्रत्येकीसाठी एक फासा टाकायचा. पाच किंवा सहा पडले तर ती पुढच्या लढाईला परत."

मी चष्मा नीट केला. "पाच-सहाच का? दहा हजार जेवले होते तिथे. चार पडले तरी परत यायला पाहिजेत."

आमची घासाघीस अजून चालू आहे.