उद्यापन नसलेलं व्रत

गणपतीत गावी गेलो होतो. आरत्या झाल्या, भजन झालं, दोनदा चहा झाला आणि साडेअकराला एकदम आठवलं... आजचं कोडं राहिलं!

कोडं म्हणजे मोबाइलवरचं, रोज एक, शब्द ओळखायचा. नाव मुद्दाम देत नाही. सलग 412 दिवस झाले होते. बारा वाजले की शून्य. आणि आमच्या घरात रेंज नाही, रेंज येते ती वर सड्यावर. चपला घालताना काकांनी पाहिलं. "काय रे, हापिसातलं काही अडलंय का?" मी म्हणालो, "हो." सत्तरीचे काका बॅटरी आणि काठी घेऊन निघाले. "एकटा जाऊ नकोस, पावसाळ्यात जनावर असतं वाटेत."

वर पोचलो तेव्हा बाराला दहा कमी. तीन प्रयत्न चुकले. मग सरळ नेटवर उत्तर शोधलं आणि टाकलं. स्क्रीनवर रंगीत कागद उडाले, 413! काकांनी विचारलं, "सुटलं का?" म्हटलं, "सुटलं."

खाली उतरताना स्वतःची इतकी लाज वाटत होती की सांगता सोय नाही. पण लाज माझ्याबरोबरच आणखी कुणालातरी वाटायला हवी, असं माझं म्हणणं आहे. हा लेख त्यासाठी.

मी पोटासाठी प्रोग्रॅमिंग करतो, त्यामुळे हा आकडा आतून कसा चालतो ते माहीत आहे. काल खेळलात तर एक मिळवा, नाहीतर शून्य करा. एक साधं इफ-एल्स. एक दिवस चुकला म्हणून एकच वजा का नाही? सगळंच शून्य का? कारण तसं कुणीतरी ठरवलंय. वर्डलच्या आकडेवारीत एकूण किती वेळा खेळलात हाही आकडा असतो. तो कधीच कमी होत नाही. पण तो वाचवायला कुणी रात्री सडा चढत नाही!

डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 साली मांडलं की माणसाला शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख जास्त लागतं. स्ट्रीक हा त्याचाच धंदा. पहिले आठ-दहा दिवस तुम्ही मजेसाठी खेळता. पुढे कधीतरी, तुमच्या नकळत, मिळवायचं संपतं आणि राखायचं सुरू होतं. चारशे तेराव्या दिवशी मला शब्द नको होता, फक्त शून्य नको होतं.

मग त्या शून्यावर इलाजही तेच देतात. ड्युओलिंगोत स्ट्रीक फ्रीझ असतो, चुकलेला दिवस झाकायला. ॲपमधली रत्नं देऊन तो घेता येतो. आधी भुताची भीती घालायची आणि मग ताईत विकायचा... आपल्याकडे अशा माणसाला काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे :)

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अरे, पण शिस्त लागते ना!" लागते, सुरुवातीला. पण जॅकी सिल्व्हरमन आणि ॲलिक्झांड्रा बाराश यांचा 2023 सालचा शोधनिबंध बघा. माणसाने केलेलं काम तेवढंच, पण नोंदीत साखळी तुटलेली दिसली की तो ते पुढे चालू ठेवण्याची शक्यता कमी होते. म्हणजे सवय लावायला आणलेला आकडाच, एकदा तुटला की, सवय सोडायला लावतो.

आणि आमच्या धंद्यातलंच उदाहरण. गिटहबने 2016 च्या मे महिन्यात प्रोफाइलवरचे स्ट्रीकचे आकडे काढून टाकले. नंतर संशोधकांनी नोंदी तपासल्या. लांबलचक स्ट्रीक सोडून दिल्या गेल्या होत्या, शनिवार-रविवारचं काम घटलं होतं आणि दिवसाला जेमतेम एकच नोंद असे दिवसही कमी झाले होते. ती एकेक नोंद कशासाठी होती, हे मला विचारा. मी सड्यावर जाऊन आलोय.

वर्डल 2021 च्या ऑक्टोबरात सगळ्यांसाठी खुलं झालं आणि 2022 च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने ते विकत घेतलं. फेब्रुवारीत नव्या पत्त्यावर हलवताना काही लोकांच्या स्ट्रीक गेल्या आणि केवढी ओरड झाली! डोकं तेच, शब्दांची आवड तीच, गेला फक्त ब्राउझरमध्ये साठवलेला एक आकडा. पण लोकांना स्वतःचंच काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. मी हसणार नाही, मलाही वाटलं असतं.

काका तीस वर्षं पेपरातलं शब्दकोडं सोडवतायत. पेन्सिलीने. पेपर कधी दुपारी येतो, कधी दुसऱ्या दिवशी. अर्धं राहिलं तर उद्या, नाहीच सुटलं तर पुढच्या अंकातलं उत्तर बघून "अरेच्चा!" किती दिवस सलग, विचारलंत तर त्यांना प्रश्नच कळणार नाही.

आपल्या व्रतांना निदान उद्यापन असतं. सोळा सोमवार म्हणजे सोळा. जेवण घाला, मोकळे व्हा. या नव्या व्रताला सोळावा सोमवारच नाही. 413 नंतर 414, आणि जितके दिवस जास्त तितकी सुटका अवघड. संपण्याचा एकच मार्ग ठेवलाय, हरणं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम खेळलो नाही. दोन दिवस हात सारखा खिशाकडे जात होता, मग थांबला. आता वाटलं तर खेळतो, उत्तर मात्र शोधत नाही.

वाचकांपैकी बरेच जण असलीच ॲप्स बनवता, म्हणून एक विनंती. उद्या मीटिंगमध्ये कुणी "स्ट्रीक टाकूया" म्हणालं, तर एवढंच विचारा, "आणि उद्यापन कधी?"

असो. काकांनी परवा फोन करून विचारलं, हापिसातलं ते नीट झालं ना म्हणून. अजून खरं सांगितलेलं नाही. दिवाळीत समोर बसून सांगेन म्हणतो.