भ्यालेल्याचा त्याग नको

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सायंकाळी घरोघरी दत्तजन्माचा पाळणा हलू लागला, की देव्हाऱ्यातील तसबिरीकडे आपली दृष्टी नव्याने वळते. तीन शिरे, सहा हात, पाठीशी गाय आणि पायाशी चार श्वान. गाय ही पृथ्वी आणि श्वान हे चार वेद, असा अर्थ आपण बाळपणापासून ऐकत आलो आहोत. अर्थ सुंदर आहे. परंतु त्या अर्थाच्या भरात चित्रातील कुत्रे हे कुत्रेही आहेत, याचा आपल्याला विसर पडतो, अशी आमची जुनी तक्रार आहे. चित्रकाराने वेद दाखविण्यासाठी पोथ्या रंगविल्या नाहीत. जो प्राणी दारोदार ‘हाड हाड’ ऐकतो, तो ज्या एका ठिकाणी अंग चोरून बसत नाही, ते ठिकाण त्याने रंगविले.

आज आम्ही लिहिणार आहोत ते अशाच भ्यालेल्या प्राण्याविषयी. घरचा कुत्रा वा घरची मांजर पशुवैद्याकडे नेताना थरथर कापते, ओरबाडते, चावते. अशा जीवाला तपासणीपूर्वी भय शमविणारे औषध द्यावे की देऊ नये, हा प्रश्न. दत्तजयंतीच्या पानावर हा विषय काहींना अस्थानी वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाही.

आमच्या घरी बारा वर्षे एक गावठी कुत्रा होता. नाव मोती. घरात सिंह, पण दवाखान्याची पायरी दिसली की त्याचे अवसान गळे. एकदा कान चिघळला म्हणून त्यास नेले. टेबलावर चढवताच त्याला लघवी झाली. दोघा मदतनिसांनी तोंडाला फडक्याची गाठ मारली, एकाने मानेवर कोपर रोवले आणि कान धुऊन झाला. पाच मिनिटांचे काम. आम्ही बाजूला उभे राहून ‘धरा, नीट धरा’ म्हणत होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. त्यानंतर मोती रिक्षाचा आवाज ऐकला की पलंगाखाली शिरू लागला. बाहेर ओढू पाहणाऱ्या आमच्या धाकट्या भावाचा हात त्याने फोडला. मग आम्हीही नाद सोडला. तीन वर्षे त्यास कोणी तपासले नाही. रेबीजची लसदेखील चुकली. ज्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूसही बहुधा वाचत नाही, त्या रोगाची लस आम्ही केवळ कुत्र्याच्या भीतीपोटी, आणि खरे सांगायचे तर आमच्या आळसापोटी, चुकविली.

पुढे त्याचे खाणे तुटले तेव्हा दुसऱ्या एका पशुवैद्यांस विचारले. त्यांनी आणण्यापूर्वी घरीच द्यावयाच्या गोळ्या सुचविल्या. आमच्या आईने हात जोडले.

“डॉक्टर, मुक्या जिवाला गुंगीचं औषध नका हो देऊ. पाप लागेल आम्हाला.”

“आजी, गुंगी नाही आणायची, भीती घालवायची आहे. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तुम्हालाही आधी गोळी दिली असेल ना?”

“दिली होती. पण मला विचारून दिली.”

डॉक्टर क्षणभर थांबले. म्हणाले, “याला विचारता येत नाही, म्हणून तर तुम्हाला विचारतोय.”

आईने तूप लावलेल्या पोळीच्या तुकड्यात गोळ्या स्वतःच्या हाताने दिल्या. दोन तासांनी मोती किंचित झोकांड्या खात, पण आपल्या पायांनी दवाखान्यात गेला आणि आईच्या मांडीवर मान टेकून पडला. जबडा उघडता आला. मागची दाढ मुळापासून कुजली होती. रक्त काढता आले. मूत्रपिंडे अर्ध्याहून अधिक थकली होती. हे तीन वर्षांपूर्वी कळते तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनी दिले नाही आणि आम्हीही आग्रह धरला नाही. मोती त्यानंतर आठ महिने जगला.

भयाने केवळ प्राण्याचे हाल होतात असे नव्हे, तर तपासणीच खोटी पडते, ही गोष्ट आम्हांस तेव्हा प्रथम समजली. भ्यालेल्या देहात नाडी धावते, श्वास वाढतो, रक्तदाब चढतो, अंगही तापते. मग खरा ताप कोणता आणि भीतीचा कोणता, हे वैद्याने कसे ओळखावे? मांजराची गोष्ट तर अधिकच विलक्षण. घाबरलेल्या मांजराच्या रक्तातील साखर केवळ भयाने इतकी चढू शकते, की निरोगी मांजर मधुमेही भासावे. पोटाला हात लावला की ते पोट ताठ करते, मग आत गाठ आहे की नाही हे बोटांना कळत नाही. चार जणांनी दाबून धरून जी तपासणी ‘झाली’ म्हणून आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, ती पुष्कळदा झालेलीच नसते.

आता औषधांविषयी. ‘गुंगी’ हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या गोष्टींना वापरतो आणि त्यातून बराचसा गोंधळ होतो. भय शमविणे ही पहिली पायरी, झापड आणणे ही दुसरी आणि शस्त्रक्रियेसाठी द्यावयाची पुरती भूल ही तिसरी. तपासणीपूर्वी घरी दिले जाते ते बहुधा पहिल्या पायरीचे औषध. गॅबापेंटिन हे मुळात माणसांच्या अपस्मारावरचे औषध. मांजरांना दवाखान्यात नेण्यापूर्वी दीड ते तीन तास ते दिले असता त्यांची भीती लक्षणीय उतरते, असे गेल्या काही वर्षांतील अभ्यासांत दिसून आले. ट्रॅझोडोन हे माणसांच्या खिन्नतेवरचे. कुत्र्यांसाठी त्याचा उपयोग पुष्कळ होतो. प्रीगॅबालिनचे एक द्रवरूप औषध तर खास मांजरांच्या प्रवासाच्या व दवाखान्याच्या भीतीसाठी म्हणून युरोपात २०२१ साली आणि अमेरिकेत २०२३ साली मान्य झाले. या औषधांनी पाय थोडे लटपटतात, क्वचित लाळ गळते किंवा उलटी होते. बहुतेक प्राण्यांत हा अंमल त्याच दिवशी ओसरतो.

याउलट एसप्रोमॅझीन नावाचे जुने औषध आहे. त्याने देह लुळा पडतो. पण मनातील भय मावळेलच असे नाही, आणि मोठ्या आवाजाने तो प्राणी अधिक दचकू शकतो. पूर्वी ते एकटेच सर्रास देत. आता जाणते पशुवैद्य भयासाठी केवळ त्यावर विसंबत नाहीत. हात-पाय हलेनासे झाले म्हणजे जीव शांत झाला, असे समजणे ही आपली सोय झाली. बाहेरून निश्चल आणि आतून घाबरलेला असा प्राणी कल्पनेत आणून पाहावा. फडक्याची गाठ त्यापेक्षा बरी, असे म्हणावेसे वाटेल.

आईचा आक्षेप मात्र आम्ही हसण्यावारी नेत नाही. पुष्कळ सश्रद्ध घरांत तो आहे, आणि त्यामागे निर्दयता नसून दया आहे. परंतु आपल्या परंपरेत रोग्याची वेदना बोथट करणे हे पाप मानले गेले होते काय? सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास जेवू घालावे आणि मद्याची सवय असल्यास तीक्ष्ण मद्य पाजावे, म्हणजे शस्त्राची वेदना त्यास जाणवणार नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. पशूंच्या बाबतीत तर शालिहोत्राचे अश्वशास्त्र आणि पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद या नावांनी एक मोठी परंपराच उभी आहे. गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात अशोकाने माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा यांचा एकाच दमात उल्लेख केला. ज्या मुंबईत बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय व १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय परळला उभे राहिले, त्या मुंबईच्या प्रांतात हा विचार परका असण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप असा, की ज्याचे भोग त्याने भोगावेत. हा आक्षेप घेणाऱ्यांनी महाभारत एकदा दोन्ही टोकांकडून वाचावे. आदिपर्वाच्या आरंभीच जनमेजयाचे भाऊ सत्रात आलेल्या एका निरपराध कुत्र्यास मारतात. त्याची आई सरमा राजाला जाब विचारते आणि न दिसणारे भय तुझ्यावर कोसळेल असा शाप देते. राजा तो शाप हसून सोडीत नाही. निवारणासाठी पुरोहित शोधीत फिरतो. आणि शेवटी, महाप्रस्थानिकपर्वात, स्वर्गाचा रथ दारी उभा असता युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्यावाचून त्यात पाय ठेवण्यास नकार देतो. इंद्राशी वाद घालताना आपण कोणास टाकीत नाही, याची तो यादीच सांगतो. भक्त आणि आर्त तिच्यात आहेतच, पण भ्यालेलाही आहे. शूर कुत्रा किंवा उपयोगी कुत्रा असे तो म्हणत नाही. आम्ही ही कथा शंभरदा ऐकली होती. परंतु मोतीला पलंगाखाली सोडून दिले त्या तीन वर्षांत तिची आठवण आम्हांस एकदाही झाली नाही.

इतके लिहून झाल्यावर एक भीती आमच्याच मनात उभी राहते. हा लेख वाचून कोणी औषधाच्या दुकानातून आपल्याच झोपेच्या गोळ्या आणून मनीला अर्धी, राजाला एक अशा देईल. असे कदापि करू नये. माणसाची मात्रा प्राण्यास लागू पडत नाही. वेदनेवरची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. माणसांसाठीच्या काही गोड द्रवऔषधांत झायलिटॉल असते. कुत्र्यास ते विष आहे. मूत्रपिंडाचा, हृदयाचा विकार असेल, वय झाले असेल, किंवा पगसारखे चपट्या नाकाचे जनावर असेल, तर मात्रा आणि औषध दोन्ही बदलतात. भर उन्हात बंद गाडीत असा प्राणी ठेवणे तर जिवावर बेतायचे. म्हणून औषध पशुवैद्यांनी लिहून दिलेलेच असावे, आणि शक्य तर तपासणीच्या आधी एखाद्या दिवशी घरीच एकदा देऊन त्याचा परिणाम पाहावा. भय एकदा भडकल्यावर दिलेले औषध फारसे चालत नाही. घराबाहेर पडण्यापूर्वीच ते अंगात भिनलेले हवे. रक्तदाब मोजावयाचा असेल तर कोणती गोळी दिली, किती वाजता दिली, हे कागदावर लिहून न्यावे, कारण काही औषधांनी तोही बदलतो.

गोठ्यातील जनावरांचा हिशेब निराळा. गाईबैलांना झायलाझीन घोड्याच्या मात्रेच्या सुमारे दहाव्या हिश्शातच पुरे होते, आणि निजलेल्या रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट फुगण्याचा धोका असतो. तेथे चांगला खोडा, ओळखीचा हात आणि वैरणीची पेंढी हेच बहुधा शहाणपणाचे.

पशुवैद्यांविषयीही दोन शब्द. ज्यांच्या दारात पन्नास जनावरे खोळंबली आहेत, त्यांनी प्रत्येकाची समजूत काढीत बसावे, ही अपेक्षा कठोर आहे, हे आम्हांस कळते. तरीही गळा आवळून पाच मिनिटांत उरकलेले काम पुढे तीन वर्षांची तपासणी बुडविते, हा आमचा अनुभव त्यांनीही हिशेबात धरावा. आधी फोन करून आले तर गाडीतच थांबू देणे, भुंकणारे कुत्रे आणि मांजरी एकाच बाकावर न बसविणे, यास पैसे पडत नाहीत.

आणि आपल्याकडूनही सारा भार गोळीवर टाकता येणार नाही. मांजराची करंडी आपण वर्षभर माळ्यावर ठेवतो आणि ती खाली आली की संकट आले, हे त्या बिचारीने ओळखलेले असते. मोती गेल्यावर आमच्या घरी एक मनी आली. तिची करंडी आम्ही माळ्यावर ठेवलेली नाही. देव्हाऱ्याच्या खोलीत, खिडकीखाली, झाकण काढून ती पडलेली असते. आत आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आहे. आज पाळण्याची तयारी चालली असता मनी तिच्यातच वेटोळे करून निजली होती. पुढच्या आठवड्यात तिची लस आहे. गोळी आणून ठेवली आहे. लागेल असे वाटत नाही.