सूत्र घोकावे की संत्रे सोलावे?

पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यापासून वेगळे झाले आणि 2023च्या ऑक्टोबरात त्यांचा नवा जिल्हा झाला. मुलूख संत्र्याचा, घरातली बोली मराठी, शाळा बहुतेक हिंदी. इथल्या तरुणांपुढे एसएससी, रेल्वे, राज्याचे कर्मचारी निवड मंडळ असे ठरलेले फॉर्म असतात. त्या अभ्यासात मेन्सुरेशनचा धडा चुकत नाही आणि त्या धड्यात गोल चुकत नाही. हा भाग घोकून उरकावा, असे क्लासवाले म्हणतात. शाळेतला जुना गणिताचा मास्तर म्हणतो, आधी समजून घ्या.

क्लासवाल्यांना हसण्यात अर्थ नाही. एसएससी सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात 60 मिनिटांत 100 प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 36 सेकंद. तेवढ्यात कोणी सूत्र सिद्ध करत बसत नाही. शिवाय गोलाच्या पृष्ठफळाच्या ‘फोर पाय आर स्क्वेअर’ची नेहमीची सिद्धता संकलनातून जाते आणि ते भेटते बारावीच्या गणितात. आर्ट्स घेतलेल्या मुलीने ते कधी पाहिलेलेच नसते, पण पेपर तिलाही तोच असतो. प्रश्न काढणाऱ्यांची सवयही क्लासवाल्यांनी बरोबर हेरली आहे. पाय म्हणून 22/7 घ्यायचा असतो, म्हणून त्रिज्या 3.5, 7, 10.5 किंवा 21. त्रिज्या 21 असेल तर पृष्ठफळ 5544 आणि घनफळ 38808. हे आकडे पाढ्यासारखे तोंडी असणारी मुले पेनही उचलत नाहीत. ही लबाडी नव्हे. समोरच्याची खोड ओळखणे हाही तयारीचाच भाग आहे.

पण प्रश्न जरा वळला की घोकंपट्टी अडखळते. 6 सेंटिमीटर त्रिज्येचा गोळा वितळवून दीड सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्या किती होतील? सूत्रावर विसंबलेला मुलगा दोन्हीकडे 22/7 ने गुणत बसतो. घाईतला मुलगा 6 भागिले दीड करून 4 वर खूण करतो; पर्यायांत 4 आणि 16 दोन्ही मांडून ठेवलेले असतात. घनफळ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून उत्तर चाराचा घन, 64. इथे पाय लागतच नाही.

आणि या भागातल्या मुलाला हे फळ्यावर शिकवावे लागते, याचे मला नवल वाटते. 7 सेंटिमीटर व्यासाचे संत्रे आणि 8 सेंटिमीटरचे, दिसायला फरक एका बोटाएवढाही नाही. पण 343 आणि 512 यांचे प्रमाण पाहा: मोठ्याचे घनफळ जवळजवळ दीडपट. आता साल. 7 सेंटिमीटरच्या संत्र्याची साल साडेतीन मिलिमीटर जाड धरली, तर त्रिज्येचा दहावा भाग सालीत गेला. उरले 0.9 चा घन, म्हणजे 0.729. विकत घेतलेल्या फळाच्या आकारातला पावहून जास्त हिस्सा साल! ‘त्रिज्या 10 टक्क्यांनी घटली तर घनफळ किती टक्क्यांनी घटेल’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर 27.1, ते हेच. (संत्रे वरून-खालून चपटे असते, ही तक्रार मान्य. परीक्षेत चालून जाते.)

पाठ केलेले सूत्र खरेच बरोबर आहे का, ही शंका जुन्या काळी थोरामोठ्यांच्या बाबतीतही घ्यावी लागली. आर्यभटाने दिलेले गोलाच्या घनफळाचे सूत्र खऱ्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश जास्त उत्तर देते. 1150 सालच्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी ते नीट दिले: पृष्ठफळाला व्यासाने गुणा, सहाने भागा. ‘सिद्धांतशिरोमणी’वरच्या आपल्या भाष्यात त्यांनी कारणही सांगितले. पृष्ठावर तळ आणि केंद्रात टोक, अशा सुयांनी गोल भरलेला आहे अशी कल्पना करा. प्रत्येक सुईचे घनफळ तळ गुणिले उंचीच्या एक तृतीयांश. सगळ्यांची बेरीज पृष्ठफळ गुणिले त्रिज्या भागिले तीन.

म्हणून माझा कौल अर्धा क्लासवाल्यांकडे जातो. पृष्ठफळाचे सूत्र निमूटपणे पाठ करावे, त्याच्या सिद्धतेच्या वाटेला जाऊ नये. घनफळाचे मात्र त्याच्यातून काढायला शिकावे: 3.5 त्रिज्येला 154, त्याला 3.5 ने गुणून तीनने भागले की 179.67. चार तृतीयांश की दोन तृतीयांश, हा ऐन पेपरात उडणारा गोंधळ त्याने मिटतो. आणि सूत्रांच्याही आधी प्रमाणाचे प्रश्न घ्यावेत: लांबी, वर्ग, घन. याला क्लासचा एक तास जातो आणि तो तास ट्रिकांच्या यादीतून कापला तर मोठे नुकसान नाही.

अर्धगोलाला मात्र समजुतीचा पाठिंबा नसला तर नुसती आठवण हमखास दगा देते. वाटी असेल तर पृष्ठफळ दोन पाय आर वर्ग, कापलेले भरीव फळ असेल तर कापाचे वर्तुळ धरून तीन. आधी चित्र काढावे, मग आकडे. ज्याची परीक्षा पंधरा दिवसांवर आली आहे त्याने बाकी सारे सोडून एवढे करावे, आणि 5544, 38808 खुशाल घोकावेत.